चार इसा एकोणीस

माझ्या रेझ्युमेच्या तळाशी एक ओळ होती, लँग्वेजेस नोन. पुण्यात आठ वर्षं पेरोलमध्ये काढली, तीन कंपन्या बदलल्या, त्या ओळीकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, पण मी आपली इमानेइतबारे भरलेली. मराठी, हिंदी, इंग्लिश, कन्नड आणि थोडी तेलुगू. सोलापूरच्या पोरीला एवढं येतंच, त्यात कौतुक काही नाही. तर मंक्टनला येऊन तिसरा आठवडा असेल, नव्याने आलेल्या लोकांना मदत करणारी एक संस्था आहे तिथे मी रेझ्युमे दाखवायला गेले. समोरच्या बाई फार मायाळू, बाहेर उणे अठरा होतं म्हणून आधी चहा विचारला आणि मग पेन घेऊन एकेक ओळ तपासायला बसल्या. फोटो काढा, जन्मतारीख काढा, वडलांचं नाव कशाला, लग्न झालंय का ते तर अजिबात नको. असं करत करत त्या तळाच्या ओळीवर आल्या आणि थांबल्या. "फ्रेंच?" मी म्हटलं, नाही. त्यांनी पाचही भाषांवर मिळून एक सरळ रेघ ओढली आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "मग तुम्ही युनिलिंग्वल."

एकभाषी! मी!

घरी येऊन बाबांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की आईने फोन काढून घेतला. आमचं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पायरीवर पाय ठेवेपर्यंत बाबांनी त्याची भाषा ठरवलेली असते. विजापूर-कलबुर्गीकडचं दिसलं की "बर्री, बर्री", पूर्व भागातलं असलं की तेलुगू, नाहीतर मग मराठी आणि हिंदी यांची जी काय आमची सोलापुरी मिसळ असते ती. चपलांवरून, पिशवीवरून, बाईने पदर कुठल्या खांद्यावर घेतलाय त्यावरून अंदाज बांधायचा. चुकला तर चुकला, गिऱ्हाईकच आपल्या भाषेत बोलून दुरुस्त करतं आणि भाव सुरू होतो. मला दहाव्या वर्षापासून हे येतं. ह्याला भाषा येणं म्हणतात हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं ह्याला दुकान चालवणं म्हणतात.

आता मंक्टन म्हणजे कुठे ते सांगते, कारण नातेवाइकांना टोरांटोच्या पलीकडे कॅनडा आहे हेच पटत नाही. अगदी पूर्वेला, समुद्राजवळ, न्यू ब्रन्सविक नावाचा प्रांत. नवऱ्याला अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅममधून इथल्या एका कंपनीची ऑफर आली आणि त्याच्या मागोमाग मी ओपन वर्क परमिटवर, २०२३चा फेब्रुवारी. पुण्याच्या एजंटने सांगितलेलं, क्युबेकला फ्रेंच लागते, न्यू ब्रन्सविक इंग्लिश आहे, बिनधास्त जा. एजंट लोक खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. अख्ख्या कॅनडात दोन्ही भाषा अधिकृत असलेला एकच प्रांत आहे आणि तो हाच, १९६९ साली कायदा झाला आणि १९९३ साली ते राज्यघटनेत गेलं. साधारण तीस टक्के लोकांची मातृभाषा फ्रेंच. मंक्टन शहराने तर २००२ साली स्वतःला द्विभाषिक जाहीर करून टाकलं, असं करणारं देशातलं पहिलं शहर. म्हणजे एजंट म्हणाला त्याप्रमाणे इंग्लिशवर आयुष्य आरामात निघतं, भाजी येते, घर मिळतं, डॉक्टर मिळत नाही पण तो कुणालाच मिळत नाही. फक्त नोकरी शोधायला निघालं की मग ती उरलेली अर्धी गोष्ट भेटते.

मला ती पहिल्याच आठवड्यात भेटली, पण तेव्हा कळलं नाही. सिन नंबर, म्हणजे इथे नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर, काढायला सरकारी ऑफिसात गेले, काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हॅलो, बाँझूर!" मला वाटलं इथे असंच म्हणत असतील, नमस्कार-चमत्कार म्हणतात तसं, म्हणून मीही उत्साहाने म्हटलं, "हॅलो, बाँझूर!" ती गप्प. मी गप्प. मग तिने परत विचारलं, इंग्लिश की फ्रेंच? नंतर कळलं की ती नुसतं नमस्कार करत नव्हती, ती मला दोन दारं दाखवत होती आणि एक निवडायचं होतं. ह्याला इथे ॲक्टिव्ह ऑफर म्हणतात, प्रांताच्या सरकारी ऑफिसांना तर कायद्यानेच बांधून घातलंय. माणसाचा चेहरा बघून भाषा ठरवायची नाही, दोन्ही पुढे ठेवायच्या, त्याने उचलावी. मला बाबांची आठवण झाली. नवी पेठेत जे कौशल्य, ते इथे कायद्याने बंद. आणि विचार केला तर बरोबरच आहे म्हणा, कारण बाबांचा अंदाज चुकला तर एक चादर जाते, इथे पिढ्यानपिढ्या एकाच बाजूने अंदाज चुकत होता.

नोकरीच्या जाहिरातींची इथे एक वेगळीच बाराखडी आहे. काहींत लिहिलेलं असतं इंग्लिश आवश्यक, तिथे आपण जायचं. काहींत असतं, 'बायलिंग्वलिझम ॲन ॲसेट'. हे वाक्य मी पहिले दोन महिने लग्नाच्या जाहिरातीतल्या 'अपेक्षा नाही'सारखं वाचलं, म्हणजे असलं तर बरं, नसलं तरी चालेल. तसं नसतं. त्याचा अर्थ असा की तुमच्यासारखीच दुसरी कुणी आली आणि तिला फ्रेंच येत असेल तर तुम्ही घरी. आणि पेरोलला दुसरी कुणीतरी येतेच, कारण पेरोल म्हणजे पगार कमी का आला म्हणून माणसं जिथे फोन करतात ती जागा, आणि पैशाचं भांडण माणूस आईच्या भाषेतच करतो. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत तर अक्षरंच असतात, बीबीबी, सीबीसी, म्हणजे वाचन, लेखन आणि बोलणं यांचे ग्रेड, आणि पुढे 'बायलिंग्वल इम्पेरेटिव्ह', म्हणजे ज्या दिवशी जागेवर बसाल त्याच दिवशी दोन्ही भाषा पाहिजेत, नंतर शिकते वगैरे नाही. आणि गंमत बघा, सगळ्या देशाच्या केंद्र सरकारी नोकरांच्या पगाराचं मोठं केंद्र ह्याच प्रांतात मिरामिशीला आणि पेन्शनचं केंद्र शेडियाकला, आमच्या घरापासून गाडीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांवर. पगारपत्रकाच्या माणसाची पंढरीच म्हणायची. आणि मी कळसदर्शनावर. परमनंट रेसिडेन्सी नाही आणि फ्रेंच नाही, दोन्हीकडून.

ह्या सगळ्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. इंग्लिश बोलणाऱ्या इथल्या लोकांनाही येतो, एका शेजाऱ्याने तर पहिल्या ओळखीतच मला आपल्या बाजूला ओढलं, बघा, जन्म इथे गेला आणि माझ्या पोराला सरकारी नोकरी नाही, का तर फ्रेंच नाही. मी मान हलवली. पोराने शाळेत शिकायची ना मग, असं मनात आलं, पण मी पोराच्याच बोटीत होते.

एप्रिलमध्ये मी एका कॉफीच्या दुकानात ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीवर उभी राहिले. ताशी १४ डॉलर ७५ सेंट, त्याच महिन्यापासून लागू झालेलं किमान वेतन. कानाला हेडसेट, पहाटे पाचची शिफ्ट, खिडकी उघडली की तोंडावर बर्फाळ वारा. माझ्या जोडीला एक अकेडियन, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच बोलणाऱ्या समाजातल्या, बाई होत्या, साठी ओलांडलेल्या, रिटायर होऊन परत कामाला लागलेल्या, मी त्यांना मनात मावशी म्हणायचे. गाडी आली की त्यांच्या तोंडातून एका श्वासात हॅलो-बाँझूर निघायचं आणि पुढचं वाक्य समोरच्याच्या पहिल्या शब्दावर वळायचं. मला पहिल्या दिवशी सहा शब्द दिले. प्ती, मोयाँ, लार्ज (लहान, मध्यम, मोठा कप), क्रेम, स्युक्र (क्रीम, साखर) आणि शेवटी "से तुत?", म्हणजे एवढंच ना? हा "से तुत" मला फार आवडला. नवी पेठेत प्रत्येक व्यवहाराच्या शेवटी "अजून काय दाखवू?" असतं, त्याच्याच घराण्यातला.

मावशींनीच मला हळूहळू सगळं सांगितलं, बॅगेल भाजता भाजता. की त्यांच्या लहानपणी मंक्टनच्या दुकानात शिरताना त्यांची आई आवाज बारीक करायची, भाव फ्रेंचमध्ये विचारायची सोयच नव्हती, विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचे. की शहराचं नाव ज्या रॉबर्ट मंक्टनवरून पडलं तो १७५५ साली अकेडियन लोकांना घरंदारं जाळून जहाजात कोंबून हाकलून देणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांपैकी एक. आणि त्यातले कितीतरी लोक वर्षानुवर्षं भटकून परत आले, दलदलीत, किनाऱ्याला, जिथे कुणाला जमीन नको होती तिथे राहिले, आणि १९६३ साली त्यांनी स्वतःचं विद्यापीठ काढलं, फ्रेंचमधलं, त्याचं नाव काय तर युनिव्हर्सिते द मंक्टन. "आम्ही त्याच्या नावावर आमचा बोर्ड लावला," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या गाडीला बाँझूर केलं.

कॉल सेंटरची गोष्टही त्यांच्याकडूनच. कॅनेडियन नॅशनल रेल्वेचा मोठा कारखाना होता गावात, १९८८ला बंद पडला, माणसं घरी बसली. नव्वदच्या दशकात फ्रँक मॅकेना मुख्यमंत्री असताना त्यांनी कंपन्यांना बोलावून बोलावून कॉल सेंटरं आणली, कारण हिशोब सरळ होता, टोरांटोचं गिऱ्हाईक आणि माँट्रियालचं गिऱ्हाईक एकाच खुर्चीवरून एकाच पगारात. मावशींनी स्वतः सोळा वर्षं हेडसेट लावला. "लाज वाटायची ती भाषा, तिचेच पैसे मिळायला लागले," असं काहीसं म्हणाल्या, म्हणजे शब्द त्यांचे वेगळे होते, अर्धे फ्रेंच अर्धे इंग्लिश.

कारण त्यांची फ्रेंच ही फ्रेंच नव्हतीच धड. तिला श्याक म्हणतात, मंक्टन आणि आसपासची बोली. "ज पार्के माँ शार", मी माझी गाडी पार्क केली, ह्यात पार्क इंग्लिश आणि बाकी फ्रेंच. "से राइट बाँ", लई भारी. आणि सगळ्यांत लाडकं, "वरी पा", काळजी करू नको. वरी इंग्लिश, पा फ्रेंच, आणि काळजी न करणं दोन्हीकडचं. मला ही भाषा ऐकताक्षणी घरची वाटली. आमच्याकडे हेच तर चालतं, क्रियापद एका घरचं, शेपूट दुसऱ्या घरचं. पुण्यात नवीन गेले तेव्हा माझ्या "काय की"ला आणि "बे"ला ऑफिसमधल्या मुली किती हसायच्या, मी वर्षभरात सगळं घासूनपुसून स्वच्छ केलं होतं. आणि आता सातासमुद्रापार येऊन मी श्याक शिकत होते, खिडकीतून, मोयाँ डबल-डबलच्या, म्हणजे दोन क्रीम दोन साखरेच्या कॉफीच्या, बदल्यात.

शनिवारी मी फ्रेंचच्या क्लासला जायला लागले. शिकवणाऱ्या बाई रिटायर्ड शिक्षिका, उत्तरेकडच्या, खणखणीत शुद्ध फ्रेंच. मी उत्साहाने "ज पार्के" म्हटलं तर त्यांनी डोळे मिटले. गारे, म्हणाल्या, पार्के नाही, गारे. शार नाही, व्हुआत्युर. म्हणजे सोमवार ते शुक्रवार मी एक भाषा शिकायचे आणि शनिवारी तीच भाषा चूक आहे हे शिकायचे.

त्याची किंमत मोजायची वेळ जूनमध्ये आली. एका कॉल सेंटरमध्ये जागा निघाली, इंग्लिश रांगेला एक रेट आणि बायलिंग्वल रांगेला ताशी थोडा जास्त. फोनवर तोंडी परीक्षा. पलीकडची बाई अत्यंत सभ्य, तिने विचारलं, रागावलेल्या ग्राहकाचा एखादा अनुभव सांगा. मी सांगितला, चुकीची कॉफी गेली होती, गाडी परत आली, माणूस ओरडला, रांग लागली, मी राइट बिझी होते, मी त्याला म्हटलं वरी पा. माझ्या मते झकास झालं, मी मध्ये एकदाही अडखळले नव्हते. दोन दिवसांनी निकाल आला, बेसिक. त्याच्यावर बेसिक प्लस असतं, मग इंटरमीजिएट, मग पुढे बरंच. आणि इंग्लिश रांगेत सध्या जागा नाहीत, धन्यवाद. मावशींना दाखवलं तर त्यांनी मेल दोनदा वाचला आणि म्हणाल्या, मला पण बेसिकच दिलं असतं. तसं दिलं नसतं, पण त्या म्हणाल्या.

त्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी नदीवर जाऊन बसले. पेटिकोडियाक, चॉकलेटी गढूळ नदी, तिला दिवसातून दोनदा समुद्राचं पाणी उलटं चढतं, एक लाट येते काठापासून काठापर्यंत आणि नदी चक्क मागे वाहायला लागते. लोक घड्याळ लावून बघायला येतात. १९६८ साली बांध घातला तेव्हा ही लाट जवळजवळ मेली होती, २०१०ला दरवाजे उघडले तर परत आली. मी वेळापत्रक चुकीचं वाचलं होतं, तासभर चिखल बघितला आणि घरी गेले.

नोकरी शेवटी मिळाली ती ज्या प्रकाराला इथे नेटवर्किंग म्हणतात त्याने. संस्थेतल्या बाईंनी सांगितलं होतं, कॉफी चॅट करा, अनोळखी लोकांना लिंक्डइनवर लिहा, वीस मिनिटं मागा, कॉफी पाजा. मी चाळीस जणांना लिहिलं, तिघांनी उत्तर दिलं, एकानेही कॉफी प्यायली नाही. आणि इकडे रोज पहाटे पाच-चाळीसला एक माणूस रबरी बुटांत यायचा, मोयाँ, न्वार, काही नाही घालायचं. जुलैमध्ये एकदा रांग नव्हती तर त्याने विचारलं, तू ह्याच्या आधी काय करत होतीस. मी म्हटलं, पेरोल. म्हणाला, खरंच? त्याची बहीण शेडियाकच्या बाजूला एका लॉब्स्टर प्रोसेसिंग प्लांटचं ऑफिस बघते, सीझन तोंडावर आलाय आणि त्यांची पेरोलवाली बाळंतपणाला गेलीय. झालं की कॉफी चॅट! खिडकीतून झालं एवढंच.

बहिणीने इंटरव्ह्यू असा घेतलाच नाही. सॉफ्टवेअर दाखवलं, मी आठवडाभर यूट्यूबवर बघून ठेवलं होतं, सीपीपी काय, ईआय काय, टी-फोर काय, पीएफ आणि ईएसआयचे चुलतभाऊच सगळे. मग फोन वाजला, तिने माझ्याकडे बोट केलं, उचल. पलीकडे एक म्हातारा गोंगाटात श्याकमध्ये विचारत होता की सोमवारी किती वाजता यायचं. मी कॅलेंडर बघून सांगितलं. से तुत? से तुत. ठेवला. ती म्हणाली, उद्यापासून ये. कॉल सेंटरवाल्यांचं चुकलं असं माझं म्हणणं नाही, त्यांना बँकेच्या ग्राहकाशी बोलायला बाई हवी होती, हिला लॉब्स्टर सोलणाऱ्यांशी. पण दोघींच्या फॉर्मवर शब्द एकच होता, बायलिंग्वल.

ऑगस्टमध्ये त्या किनाऱ्याचा सीझन सुरू होतो. आमच्या घरात माशाचा वाससुद्धा कधी आलेला नाही आणि मी दिवसाचे नऊ तास उकळत्या लॉब्स्टरच्या वाफेत, म्हणजे ऑफिस वेगळं आहे पण वाफेला भिंती कुठे कळतात. पहिल्याच आठवड्यात १५ ऑगस्ट आला. मी सकाळी सहकाऱ्यांना सांगितलं, आज आमचा स्वातंत्र्यदिन, तर त्या म्हणाल्या, आज आमचा पण सण, १८८१ साली ठरवलेला, अकेडियन लोकांचा राष्ट्रीय दिवस. संध्याकाळी मला सोबत घेऊन गेल्या. बरोबर सतरा वाजून पंचावन्न मिनिटांनी, १७५५ आठवायला, अख्खं गाव पातेली, डबे, शिट्ट्या, भोंगे जे हाताला लागेल ते बडवत रस्त्यावर. आम्ही अजून इथे आहोत, एवढंच सांगायचं असतं त्यात. माझ्या हातात कुणीतरी एक कढई आणि डाव दिला. मी व्हिडिओ कॉल लावला, सोलापुरात रात्र झाली होती, आई म्हणाली, ग्रहण आहे का गं तिकडे?

आता चुकीचं सांगते, माझ्या. दुसऱ्या पंधरवड्याच्या पगाराला एका सुपरवायझरने फोनवर आपल्या एका माणसाचे तास सांगितले, "सोआसाँत काँझ". सोआसाँत म्हणजे साठ, काँझ म्हणजे पंधरा. मी टाकले साठ तास पंधरा मिनिटं. अगदी बरोबर वाटलं, मिनिटंसुद्धा सांगतो म्हणजे किती काटेकोर माणूस. फ्रेंचमध्ये पंचाहत्तरला वेगळा शब्दच नाही, साठ-पंधरा म्हणतात, हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं, पण कान वही उघडून बसत नाही ना. माणसाचा जवळजवळ पंधरा तासांचा पगार कमी गेला. शुक्रवारी तो स्वतः ऑफिसच्या दारात उभा, हातात पे-स्टब, एप्रनवरून पाणी गळतंय. माझ्या पोटात गोळा. आठ वर्षांत पुण्यात माझ्याकडून असं झालं नव्हतं. मी थरथरत्या हातांनी चेक लिहिला, सही आणायला धावले. तो चेक घडी घालून खिशात ठेवत म्हणाला, "वरी पा, वरी पा."

त्या रात्री झोप आली नाही आणि पडल्या पडल्या आकडे म्हणत होते. सत्तर म्हणजे साठ-दहा. ऐंशी म्हणजे चार-वीस. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. आणि एकदम आजी आठवली. बाबांची आई, बार्शीकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली, गोवऱ्या मोजायची ती इसावर. वीस झाल्या की एक इसा, बाजूला एक खडा. "चार इसा आन् येकोणीस," अशी मोजणी पोतं भरताना व्हायची, आणि आम्ही पोरं शहाणी, म्हणायचो, आजी, नव्व्याण्णव म्हण ना सरळ. तिला नव्व्याण्णव नको असायचं, तिला चार खडे आणि एकोणीस गोवऱ्या डोळ्यासमोर दिसायच्या. आणि हे फ्रेंच लोक तरी काय म्हणतात? कात्र-व्हँ-दिझ्नफ. चार वीस एकोणीस! तीच मोजणी! मी उठून नवऱ्याला हलवून सांगितलं, तो म्हणाला, झोप. पण त्या दिवसापासून मला आकडा इंग्लिशमध्ये वळवावा लागत नाही, मी खडे ठेवते.

ऑक्टोबरअखेर सीझन संपला आणि मग फोनांची रांग. इथल्या निम्म्या किनाऱ्याचं वर्ष असंच चालतं, सीझनभर राबायचं आणि हिवाळा एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सवर, म्हणजे बेकारी भत्त्यावर, काढायचा, त्याला जुनी माणसं अजून स्टॅम्प्स म्हणतात, तँब्र, कारण कधीकाळी कामाच्या आठवड्यांचे खरंच स्टॅम्प चिकटवायचे. त्यासाठी आम्ही एक रेकॉर्ड भरतो, त्यातल्या रकाना १५ए मध्ये एकूण तास. तो एक आकडा म्हणजे त्या माणसाचा हिवाळा. आमच्या यादीत फिलिपिनो आहेत, मेक्सिकन आहेत, आणि बाकी लेब्लाँ. इतके लेब्लाँ की आपल्याकडच्या मस्टरवरचे पाटील फिके. एम्प्लॉयी नंबर कुणाला आठवत नाही, नुसतं नाव सांगून भागत नाही, मग ते अमक्याची तमकी, तमक्याचा अमका असं वडील-आजोबांची नावं जोडत ओळख देतात, मधे एक 'आ' लावून, म्हणजे आपलं 'चा-ची'. मी एक्सेलमध्ये चोरून एक कॉलमच केलाय त्यासाठी.

तर एका दुपारी एका आजींचा फोन. आवाज दगडासारखा, मागे टीव्ही चालू. तास किती भरले ते सांग. मी रकाना बघून सांगितलं, सँक साँ कात्र-व्हँ-दिझ्नफ, पाचशे चार इसा एकोणीस. पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, तुझा आवाज ओळखीचा नाही, तू कुणाची गं? अगदी ह्याच शब्दांत, "ते ला फी आ की, त्वा?" बार्शीच्या एसटी स्टँडवर कुणीही म्हातारी विचारेल तसं. माझ्या रेझ्युमेतून वडलांचं नाव काढून टाकलेलं होतं, आठवलं मला. मी बाबांचं नाव सांगितलं, मग 'आ', मग आजोबांचं. त्यांनी थोडा विचार केला.

"ओळखत नाही," म्हणाल्या. "कुठले ते, बुक्तूशचे का?"

"नाही, बार्शीचे."

"आ. बाँ," म्हणाल्या, आणि टीव्हीचा आवाज कमी करून तास परत एकदा सांगायला लावले, लिहून घेते म्हणाल्या.